साडेआठ डोक्यांची माणसं

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत इंदूवहिनीनं मला हातानं जवळ बोलावलं. तिला काही द्यायचं-सांगायचं असेल म्हणून मी कान तिच्या तोंडाजवळ नेला, तर ती म्हणाली, ‘‘तो नवा डाक्टर पाहा, सुमनताई. सात डोक्यांचा हाये, पन चालते असा जसा साडेआठचा.’’ मला हसू आवरेना. नर्सबाई वळून बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार? माणसाची उंची त्याच्याच डोक्यानं मोजायची, ही वहिनीची आयुष्यभराची सवय. तुम्ही-आम्ही साधारण सात डोकी उंच असतो. चित्रांच्या गोष्टीतला, आकाशात उडणारा, भिंती फोडणारा नायक मात्र साडेआठ डोक्यांचा काढायचा, तरच तो नायक वाटतो. हे तिला एका जुन्या इंग्रजी पुस्तकानं शिकवलं होतं, आणि त्या दिवशी सलाईन लागलेल्या हातानंही ती माणसं मोजतच होती. त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. ‘‘आत्या, आई गेली...’’ आता दीड महिना होतोय. लोक भेटतात, हळहळतात. मला मात्र तिच्याबद्दल बोलायला लागलं की रडण्याआधी अभिमानच वाटतो. म्हणून हे लिहायला बसले.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी यवतमाळला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव नेर तालुक्यात. बाबांची थोडी कोरडवाहू जमीन, आणि फाट्यावर दादाचं पंप आणि सायकली दुरुस्तीचं दुकान. वहिनी दहावी झालेली, बोलायला कमी, पण डोळे सारखे कशावर तरी लागलेले. तिच्या पेटीत साड्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. तिचे मामा यवतमाळात रद्दी घ्यायचे. तिला चित्रांचा नाद, म्हणून त्यांनी ते ढिगाऱ्यातून बाजूला काढून ठेवलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि पहिली काही पानंही नव्हती. त्यामुळे त्याचं नाव काय, लिहिणारा कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आत सगळी उडणारी, झेपावणारी, ठोसे मारणारी माणसं, आणि ती कशी काढायची त्याची पायरीपायरीनं शिकवणी. शाळेत असल्यापासून वहिनी ती चित्रं बघून बघून काढत होती. एका दुपारी माय झोपल्यावर ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. ‘‘चित्रं समजते मले. बाजूनं लिहेल हाये ते नाई समजत. तुमी इंग्रजी शिकता ना, मंग सांगा.’’

माझं इंग्रजी म्हणजे काय, शब्दकोशाच्या आधारानं चालणारं. तरी त्या सुट्टीत आम्ही दोघी रोज बसलो. मी एकेक वाक्य सोडवायची, ती मान हलवायची. एकदा ‘फोरशॉर्टनिंग’ या शब्दाशी आम्ही अडलो. शब्दकोशात जो अर्थ दिला होता तो वाचून मलाच काही उमगेना. वहिनी बराच वेळ पुस्तकातल्या चित्राकडे बघत राहिली. त्यात एका नायकाची मूठ पानातून बाहेर आल्यासारखी मोठी होती आणि खांदा इवलासा. मग ती एकदम उठली आणि ओसरीवर गेली. तिथे दादा जेवून बाजेवर उताणा पडला होता. वहिनी त्याच्या पायांच्या बाजूला उकिडवी बसली आणि तिथून त्याच्याकडे बघायला लागली. मला म्हणाली, ‘‘या, इथून पाहा. पाय केवढे मोठे दिसते, अन् डोकं लिंबाएवढं!’’ दादा डोळे न उघडता म्हणाला, ‘‘काय पाहून राह्यल्या वो दोघी?’’ ‘‘तुमाले उडवून राह्यलो,’’ वहिनी म्हणाली. त्या दुपारी तिनं काढलेला दादा, तळपाय पुढे करून ढगांतून खाली झेपावणारा, अजूनही दुकानाच्या फळीवर खिळ्यानं ठोकलेला आहे.

मायला हे सगळं सुरुवातीला पसंत नव्हतं. ‘‘हे उघडे पैलवान कायले काढून राह्यली वो इंदे? अन् चड्डी पॅंटीच्या वरून कोन घालते?’’ असं ती विचारायची आणि स्वतःच हसायची. पण वेचणीच्या दिवसांत एक गोष्ट घडली. पुस्तकात एक धडा होता. माणूस काढायच्या आधी त्याच्या अंगातून जाणारी एकच वाकदार रेघ ओढायची, बाकी सगळं शरीर त्या रेघेवर उभं करायचं. रेघ जिवंत असली की माणूस जिवंत. वहिनी कित्येक दिवस त्या रेघेमागे लागली होती, आणि तिचे नायक काही केल्या लाकडासारखेच उभे राहात होते. त्या दिवशी वावरात मायनं कापसाचं गाठोडं गुडघ्यावर घेतलं, एक झटका दिला आणि डोक्यावर चढवलं. वहिनी जागच्या जागी थांबली. ‘‘सासूबाई, अजून एक डाव उचला.’’ माय वैतागली. ‘‘पोरी, कापूस हाये तो, खेळणं नोय.’’ तरी तिनं उचललं. तीन-चारदा उचललं. टाचेपासून मानेपर्यंत जी रेघ वहिनीला पुस्तकात बघूनही सापडत नव्हती, ती आमच्या मायच्या पाठीत होती. संध्याकाळी वहिनीनं काढलेलं चित्र मायनं हातात घेऊन निरखलं. चेहरा पुसटच होता, पण मायनं स्वतःला ओळखलं. त्यानंतर तिनं पैलवानांचं नाव काढलं नाही. उलट शेजारणींना सांगायची, ‘‘आमची सून माह्याकडून शिकली.’’

मग ती वाईट वर्षं आली. कापसाची ती वर्षं ज्यांनी आमच्या जिल्ह्यात काढली त्यांना वेगळं काही सांगायला नको. एखाद्या घरासमोर गाड्या थांबायच्या, फोटो निघायचे, गाड्या निघून जायच्या, आणि मागे उरायची ती पोरं. वहिनी तेव्हा दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांना चित्रं शिकवायला लागली होती. पाठकोऱ्या कागदांवर तिनं एक नायक तयार केला होता, वीजमाणूस. तो बुडत्या एसटीला वर उचलायचा, वाघाशी बोलायचा, पोरं नुसती वेडी झाली होती. हळूहळू गावाच्या दुसऱ्या टोकाकडची मुलंही यायला लागली. ती आपल्या वस्तीत येतात याचं मोठ्यांना आश्चर्य वाटायचं. मुलांना त्याचं काही नव्हतं. त्यांतच कविता होती, चौथीतली. तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. कसे गेले, ते गावात कोणी मोठ्यानं बोलत नसे. ती मुलगी यायची, मागे बसायची, एक रेघही न ओढता घरी जायची. एका रविवारी मात्र ती उठून वहिनीपुढे आली आणि वीजमाणसाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘काकू, याले उडता येते ना? मंग हा आमच्या वावरात काहून नाई आला?’’

मी त्या दिवशी तिथेच होते. वहिनीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिनं कविताला जवळ घेतलं. खोटं सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि खरं तिला सापडत नव्हतं. घरी आल्यावर तिनं पुस्तक पेटीत ठेवून दिलं. ‘‘बंद करतो मी हे. लेकरायले फसवल्यासारखं होते...’’ त्यानंतर काही आठवडे ती चित्राला शिवली नाही. रविवारी पोरं येऊन दारात उभी राहायची आणि परत जायची.

तिला पुन्हा चित्राकडे वळवलं ते कविताच्या आईनं, आणि तेही नकळत. नवरा गेल्यावर दिराला ते वावर स्वतःकडे घ्यायचं होतं. भावजयीला माहेरी पाठवायचं, मुलीला शाळेतून काढायचं, असं त्याचं चाललं होतं. बाईला बैल हाकता येत नाहीत, मग शेती कशी करणार, हा त्याचा मुद्दा. त्या वर्षी डवरणीला, पिकातलं तण काढायच्या वेळी, कोणीच तिच्याकडे येईना. तेव्हा एका सकाळी कविताच्या आईनं पदर खोचला, बैल जुंपले आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींमधून स्वतः डवरा चालवायला लागली. आमच्याकडे बाई डवऱ्यामागे कधी कोणी पाहिली नव्हती. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते, कोणी हसत होते. वहिनी फाट्यावर दादाचा डबा घेऊन निघाली होती. ती वावराच्या धुऱ्यावर, बांधावर थांबली ती थांबलीच. दादाला त्या दिवशी डबा दुपार टळल्यावर मिळाला, आणि डब्याबरोबर वरण सांडलेल्या कागदावर ओढलेलं एक चित्रही.

तेच चित्र तिनं नंतर नीट, मोठ्या कागदावर काढलं आणि माझ्यासोबत कविताच्या घरी नेलं. चित्रातली बाई उंच होती. पाय रोवलेले, दोन्ही हात डवऱ्यावर, मागे आभाळ, आणि अंगातून जाणारी ती रेघ. कविताच्या आईनं बघितलं आणि घाबरून हसली. ‘‘मी एवढी उंच हाये का वो?’’ वहिनी म्हणाली, ‘‘त्या दिवशी होत्या.’’ कविता इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि विचारलं, ‘‘याच्यात मी रंग भरू?’’ वर्गात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच रंग मागितले होते.

रविवारचा वर्ग पुन्हा भरू लागला, आणि त्यातून ‘वावरवाली’ जन्मली. ती उडत नव्हती, तिला उडणाऱ्या नायकांसारखी पाठीवरची झूल नव्हती. ती दर पानावर काहीतरी असं करायची जे बाईनं करायचं नसतं, आणि ते करून घरी जाऊन भाकरी टाकायची. वहिनीनं आठ पानांची गोष्ट काढली, दादानं नेरहून झेरॉक्स करून आणल्या, मुलांनी त्यांत रंग भरले. त्या प्रती हातोहात शेजारच्या गावांतही गेल्या. तेव्हा एका संध्याकाळी कविताचा काका आमच्या दारात आला. हातात गुंडाळी केलेली प्रत. ‘‘आमच्या घरची बाई चित्रात काढाले तुमाले कोनी सांगतलं? अन् आमची पोरगी तिकडं येतेच कायले? हे सगळे कागद फाडा.’’ आवाज इतका चढला की शेजारी बाहेर आले. बाबा उठू लागले, दादानं हातातला पाना खाली ठेवला. वहिनीनं दोघांना हातानं थांबवलं. ती पुढे झाली, डोक्यावरचा पदर सावरला आणि अगदी हळू म्हणाली, ‘‘तुमच्या म्हनन्यानं नाई फाडत, भाऊ. तिनं सांगतलं तर आत्ता फाडतो, तुमच्यासमोर.’’

कोणीतरी धावत जाऊन कविताच्या आईला बोलावून आणलं. ती आली, दिरासमोर कधीच न बोललेली बाई. खाली बघत उभी राहिली. तिनं ‘फाडा’ म्हटलं असतं तर वहिनीनं खरंच फाडलं असतं. शेवटी ती बोलली, ‘‘फाडू नोका. माह्या पोरीनं रंग भरेल हाये त्यात.’’ आणि मग दिराकडे बघून, ‘‘वावर मीच करीन.’’ तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही, पुढे दोन वर्षं त्यानं त्रास दिला. पण वावर तिच्याकडेच राहिलं, आणि कविता शाळेत राहिली.

नंतर बाहेरची माणसं वहिनीला शोधत यायला लागली. एक साहेब शहरातून आले, त्यांना ही गोष्ट छापायची होती. म्हणाले, फक्त शेवटी बाई रडताना दाखवा, वाचकांच्या मनाला भिडेल. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, ‘‘रडते ते घरी. वावरात ते काम करते. मी वावरातलंच काढलं.’’ ते पुन्हा आले नाहीत आणि वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. दारव्ह्याच्या शाळांनी बोलावलं, तिकडे ती जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची. पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत कोलाम आदिवासी मुलांनी तिला आपली आजी नायिका करून दाखवली, मध काढायला झाडावर चढणारी. ते चित्र घेऊन वहिनी घरी आली तेव्हा जी खूश होती... बक्षीस मिळाल्यावरही माणूस इतका खूश होत नाही. प्रत्येक ठिकाणी ती तेच शिकवायची, आधी रेघ, मग डोकी मोजणं. आणि सांगायची की साडेआठ डोक्यांचं कोणाला करायचं ते तुम्ही ठरवा.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बसायला जागा नव्हती. कविता आली होती. ती आता वर्ध्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. ते पुठ्ठा नसलेलं पुस्तक वहिनीनं आजारपणातच तिच्या हवाली केलं होतं. तिची आईसुद्धा आली होती, केस पांढरे झालेली, काठी टेकत. तिनं फोटोला फूल वाहिलं आणि माझा हात धरून एवढंच म्हणाली, ‘‘लई उंच बाई होती वो तुमची वहिनी.’’ वहिनी तशी पाच फुटांचीही नव्हती.

गेल्या रविवारी मी गावी होते. सकाळी उठले तर दादा ओसरीवर बसला होता, समोर पेन्सिलींचा डबा. दुरुस्तीच्या कामानं काळी पडलेली त्याची जाड बोटं ब्लेडनं एकेक पेन्सिल तासत होती, शिसं लांब, बाभळीच्या काट्यासारखं, वहिनीला लागायचं तसं. टोक अंगठ्यावर लावून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. वर्गाच्या दिवशी हे काम कायम त्याचंच असायचं. आता वर्ग कोण घेणार, हे अजून काहीच ठरलेलं नाही. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘दादा, आता कोनासाठी?’’

त्यानं वर बघितलं नाही. पुढची पेन्सिल उचलली आणि म्हणाला, ‘‘रविवार हाये ना.’’