एका डबीत दहा बोटं

सासूबाईंना, म्हणजे साळुबाईंना, मी आत्या म्हणायचे. पिंपरी पेंढारला टोमॅटो तोडणाऱ्या दहा बायकांची टोळी होती, तिच्या त्या मुकादम. तोंड असं फटकळ, की शेताचा मालकसुद्धा त्यांच्यापुढं जपून बोलायचा. मीही काही कमी नव्हते. आमचा दिवस भांडणाशिवाय उजाडायचा नाही, आणि खरं सांगते, आता घर लई सुनं सुनं वाटतं.

दुपारची भाकरी झाली की आत्या बांधावर बसून मिश्रीची डबी काढायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर त्या स्वतः भाजायच्या, बारीक कुटायच्या. तसली मिश्री गावात दुसऱ्या कुणाला जमली नाही. डबी एकच. प्रत्येकीनं बोट बुडवायचं, दातांना लावायचं, गप्पा रंगल्या की तेच बोट पुन्हा डबीत. कुणी नको म्हटलं की आत्या विचारायच्या, "का गं, लई शाणी झालीस व्हय?" काय हसायचो बाई आम्ही! पोट दुखेपर्यंत. तसं हसू पुन्हा कधी आलं नाही.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लू आला. टीव्हीवर दिवसभर तेच. आत्यांनी घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या. त्यांचा सख्खा भाऊ गेणभाऊ पुण्याहून भेटायला आला, तर त्याला अंगणातच बसवून चहा दिला आणि नंतर कप राखेनं तीनदा घासला. मला तेव्हा सातवा महिना. शेतात जाणं बंद, आणि मिश्रीही बंद. "पोटुशी बाईनं तंबाखूला शिवायचं न्हाई," असं बजावून आत्या घरी आल्या की डबी कणगीमागं ठेवायच्या.

त्याच आठवड्यात टोळीतली लंकाबाई पुण्याला लेकीकडं जाऊन आली. नाक गळत होतं, मधूनच खोकत होती. तिनंही डबीत बोट घातलं. एकजण बिचकली, तर आत्यांनी तिलाच झापलं. "आगं, जळाल्याली तंबाखू ती! तिच्यात कसला रोग जगतोय?" भावाचा कप तीनदा घासणारी बाई बरं का ही! पण डबीला नको म्हणायचं म्हणजे मैत्रिणीला नको म्हणायचं, आणि ते आमच्यात कुणाला जमणार?

चार-पाच दिवसांत सातजणी अंथरुणाला खिळल्या. मग त्यांच्या घरची पोरं, म्हातारी माणसं खोकायला लागली. आत्यांना नुसती कणकण आली.

आणि मी? मिश्रीची तलफ काय असते ते लावणारीलाच ठाऊक. आत्या न्हाणीत गेल्या की मी डबी काढायचे, पटकन बोट फिरवायचे, चूळ भरून मोकळी. रोज. कुणाला पत्ता नाही, असं मला वाटायचं.

मला ताप भरला. तिसऱ्या दिवशी चार पावलं चालले तरी धाप लागायची. नारायणगावच्या डॉक्टरांनी थेट पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना, रामनाथना सांगितलं, "आई आणि बाळ, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही." मग गावात कुणाकुणाला झालं ते विचारलं. आत्या दारात उभ्या राहून एकेकीचं नाव सांगत गेल्या. डबीचं कळल्यावर डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "शेजारी बसून खोकायचं आणि एका डबीत दहा बोटं घालायची! आजाराला आणखी काय पाहिजे?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हीही लावत होता का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. मी भेदरून डोळे मिटून घेतले.

"मी दिली," आत्या म्हणाल्या. "ती नगं नगं म्हणत व्हती. मीच बळंच लावाया दिली."

डबीतली मिश्री उतरत होती ते त्यांना रोज दिसत असणार. सगळं माहीत होतं त्यांना.

देवाची कृपा, मी वाचले. दिवाळीनंतर हर्षाली झाली, चांगली धडधाकट. बारशाला आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, तर ह्यांनी भरल्या घरात तिला काढून घेतलं. "तू नको घेऊस. तुझ्यापायी दोघी गेल्या असत्या." मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "पोर भुकेजलीय, आत ने तिला." एरवी शब्दाला शब्द लावणारी मी! मुकाट्यानं आत गेले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं चार वर्षं हे आईशी कामापुरतं बोलले. आत्यांनी ते सोसलं. मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. भांडल्या त्या फक्त मिठावरून आणि भाकरीवरून.

तशातच चौथ्या वर्षी त्या गेल्या. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारी सुखानं गेली, तिची काही इच्छा राहिली नव्हती. हे मात्र ढसाढसा रडायला लागले. "तिनं काहीच मागितलं नाही गं. आणि मी तिला एकदासुद्धा म्हटलं नाही, आई, तुला माफ केलं."

मग मात्र मला राहवेना. सगळ्या भावकीसमोर मी म्हटलं, "अहो, माफ करायचं काही नव्हतंच. मिश्री मीच चोरून लावत होते. त्यांनी मला कधी दिली नाही."

हे डोळे पुसून उठले. मग हर्षालीला उचलून पिंडापाशी घेऊन गेले आणि तिला म्हणाले, "पाया पड बाळा, आजीच्या."