साडेचारला येणारी वाचक

पन्नाशी उलटल्यावर मी इन्स्टाग्राम शिकले. बोईसरच्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं ग्रंथपाल आहे. वाचक कमी होत चालले, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत सांगितलं, "मॅडम, वाचनालयाचं पेज काढा. लोक आता तिथंच असतात." मग पालघरला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पोस्टर कसं करायचं, रील कशी कापायची, पोस्टला ठिकाण कसं जोडायचं, हे सगळं दाखवलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, "पुस्तकांचे फोटो कोणी बघत नाही. माणसांचे टाका. नकळत टिपलेले चेहरे जास्त चालतात." मी वहीत लिहून घेतलं.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक बाई येत असे. तिशीची असेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होती, कुंभवलीत खोली घेऊन लहान मुलीबरोबर राहायची. चारला कारखाना सुटला की साडेचारला वाचनालयात. तलाठी भरतीची पुस्तकं काढायची आणि सहापर्यंत मान वर करायची नाही. बोलणं कमीच. "मॅडम, गणिताचं दुसरं पुस्तक हाय का?" एवढंच. सभासद अर्जावर तिनं माहेरचा पत्ता लिहिला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

एका संध्याकाळी खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर छान उजेड पडला होता. मी कपाटाआडून फोटो काढला. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती सावरून बसली असती आणि फोटो बिघडला असता, असं मला वाटलं. खाली मी लिहिलं, "कामावरून थेट वाचनालयात! रोज साडेचारला येणाऱ्या आमच्या वाचक." ठिकाणही जोडलं.

तोवर माझ्या पोस्टला भाची आणि समितीचे दोघेतिघे एवढेच लाइक करायचे. हा फोटो दोन दिवसांत हजारांनी पाहिला. अध्यक्षांचा फोन आला, असेच टाकत राहा म्हणाले. मी दर तासाला फोन उघडून आकडा बघत होते. तिला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. तिचा मोबाइल साधा, बटणांचा होता.

पाचव्या दिवशी, तीन वाजून गेल्यावर, एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. चपला त्यानं बाहेर काढून ठेवल्या, हे माझ्या लक्षात राहिलं. माझ्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि फोटो दाखवला.

"मॅडम, ही माझी बायको हाय," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं, मुलीला घेऊन निघून गेली. माहेरीबी कळवलं नाय. आमी सुरत बघितली, मुंबई बघितली. आमच्या सफाळ्यापासून इतकी जवळ असेल असं वाटलं नाय. तुमचे उपकार झाले."

आवाज अगदी मऊ होता. टेबलावर सह्यांचं रजिस्टर उघडं पडलं होतं, त्यात तिचं नाव आणि पुढे कुंभवली. मी कोपर त्यावर टेकवलं.

"रोज येत नाहीत त्या," मी म्हणाले.

"इथं तर रोज लिहिलंय," तो म्हणाला आणि बोटानं माझीच ओळ दाखवली. "मी बसतो. साडेचार व्हायला अवकाश हाय."

तो दारासमोरच्या बाकावर बसला. त्याच्या उजव्या हाताचं बोट सारखं मांडीवर आपटत होतं, तेवढंच. त्यानं काही धमकी दिली नव्हती. खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. पण दीड वर्ष एखादी बाई माहेरालासुद्धा कळवत नाही, ती उगाच नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

रजिस्टर उचलून मी आतल्या खोलीत गेले आणि तिला फोन लावला. बंद. मग आठवलं, कारखान्याच्या गेटवर सगळ्यांचे फोन जमा करून घेतात. कारखान्याचं नाव तिच्या सभासद अर्जावर होतं.

रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त काका आत मासिकं चाळत होते. मी त्यांना हळूच दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही मागच्या दारानं जा," ते म्हणाले. "मी त्याच्याशी बोलत बसतो. मला बोलायला कमी पडत नाही."

रिक्षात बसले तेव्हा पावणेचार वाजले होते. टँकरच्या रांगेत रिक्षा अडकली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, दस मिनट तो लगेगा." त्या दहा मिनिटांत मी पोस्ट काढून टाकायचा प्रयत्न केला. दोनदा भलतंच बटण दाबलं. शेवटी पोस्ट गेली. पण किती जणांनी ती पुढं पाठवली होती, ते थोडंच माझ्या हातात होतं?

गेटवर पोचले तेव्हा बायका बाहेर पडायला लागल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर ओढणी, रस्त्यावर रसायनाचा उग्र वास. ती आता दिसली नाही तर दुसऱ्या वाटेनं वाचनालयात पोचेल, म्हणून मी एकेकीचे डोळे निरखत राहिले. मग तिनंच मला ओळखलं.

"मॅडम, तुमी इथं?"

मी सांगितलं. फोटो, खालची ओळ, तो माणूस, सगळं. तिनं ओढणी आणखी वर ओढली आणि विचारलं, "मुलगी दिसते का त्यात?"

"नाही."

"शाळेचं नाव?"

"नाही गं."

"मग चला. आधी तिला आणू."

शाळेतून मुलीला घेतलं. वाटेत तिची आई एकदाच बोलली. "त्यानं माझा हात दोनदा मोडला. माहेरचे दोन्ही वेळा परत त्याच्याकडं घालून आले. म्हणून कुणाला सांगितलं नाय. जवळ राहिले की कुणी शोधत नाय, म्हणून जवळ राहिले." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "नंतर बोला मॅडम. आता खोलीवर जाता येईल का, ते सांगा."

खोलीवर गेलो नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या महिला शिपायानं नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहिली आणि पालघरच्या समुपदेशन केंद्रात फोन केला. संध्याकाळी काकांचा फोन आला. तो सहा वाजेपर्यंत बसला होता. जाताना काकांना म्हणाला, "मॅडमला सांगा, मी परत येईन."

आठवड्यात ती दुसऱ्या गावी गेली. कुठं, ते केंद्रातल्या ताईंनी मला सांगितलं नाही, आणि बरंच केलं. तो मात्र आणखी दोनदा आला. दुसऱ्या वेळी टेबलावर पुढं झुकून म्हणाला, "तुमचं घर कुठं हाय, ते माहीत हाय मला." पोलिसांनी बोलावून समज दिल्यावर त्याचं येणं थांबलं. तरी कितीतरी दिवस मी बाजारातून घरी येताना मागं वळून बघत असे, आणि दुपारी दार वाजलं की आधी खिडकीतून पाहत असे.

समितीला मी सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "पण पेज बंद नका करू." बंद केलं नाही. आता पुस्तकांचे फोटो टाकते. थोडेच लोक बघतात. कुणाचा चेहरा टाकायचाच असेल तर समोर बसून विचारते, आणि लोक हसून हो म्हणाले तरी मला धास्ती वाटते. हो म्हणणाऱ्याला तरी पुढचं काय ठाऊक असतं?

चारपाच महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. मुलगी शाळेत जाते, म्हणाली. कामही मिळालंय. मग विचारलं, "मॅडम, भरतीचं नवीन पुस्तक कुठलं घेऊ?"

मी सांगितलं. फोटोबद्दल माफी मागितली, ती तिनं ऐकून घेतली, पण "असू दे" म्हणाली नाही. मागून एस. टी. स्टँडावरची घोषणा ऐकू यायला लागली, त्यात तिच्या नव्या गावाचं नाव येणारच होतं. मी घाईनं म्हणाले, "ठेव आता," आणि फोन बंद केला.