गाडी हटवून राहिलो

१९९९च्या जूनमध्ये मी गोंदियाहून पुण्याच्या गाडीत बसले, त्या दिवशी बाबांनी आपली जुनी स्कूटर स्टेशनबाहेर एका पानठेल्यासमोर चक्क आडवी लावली. मागे माझी पत्र्याची पेटी बांधलेली, पुढे त्यांच्या पायाशी तांदळाची पिशवी आणि मध्ये अंग चोरून बसलेली मी. पानठेलेवाला ओरडला, "काकाजी, गाडी साइड में लगाओ ना, गिऱ्हाईक किधर से आएगा?" बाबांनी पेटी खांद्यावर घेतली आणि चालता चालता सांगितलं, "लॉक नाही केली बाबू. आडवी येत असन तं हटवून दे." त्यानेही काही मनाला लावून घेतलं नाही. आम्ही पूल चढत होतो तेव्हा मी वळून पाहिलं, तर तो स्कूटर ढकलून भिंतीशी उभी करत होता.

आई घरीच थांबली होती. स्टेशनवर आले तर तुला गाडीत चढू देणार नाही, असं तिनं दारातच सांगून टाकलं होतं. बाबा खिडकीचे गज धरून उभे राहिले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "नीट राहाजो. कोनाच्या आडवी येऊ नको, अन् कोनी आडवं आलं तं रडत बसू नको." मी अर्थातच बडनेऱ्यापर्यंत रडत गेले.

तुम्ही जे आपल्या गावात, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतच राहिलात त्यांना आमच्या आंगणाबद्दल वेगळं सांगायला नको. पण जे माझ्यासारखे निघून गेले आणि कुठल्या तरी सोसायटीत नंबर घातलेल्या चौकटीत गाडी लावायला शिकले, त्यांना आठवण करून देते. आमचं घर रस्त्याला लागून. आंगण मोठं, कुंपण नाही. खेड्यांतून गोंदियाला दवाखान्यात आलेले, रेल्वेने पुढे जाणारे, सगळे आमच्याकडे सायकल नाही तर मोटारसायकल ठेवून जायचे. कधी कधी वीस वीस गाड्या. बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री होते, दिवसभर घरी नसायचे, पण त्यांचा एक कायदा सगळ्यांना पाठ होता. आंगणात गाडी लॉक करायची नाही. ज्याला निघायचं असेल तो मधल्या गाड्या हटवेल, आपली काढेल आणि जाताना बाकीच्या नीट लावून जाईल. इतक्या वर्षांत एकही गाडी गेली नाही. एकदा एक जण चुकून दुसऱ्याची तसलीच काळी सायकल घेऊन गेला, तो तिसऱ्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगाववरून परत द्यायला आला आणि आईनं त्याला जेवायला बसवलं.

पुण्यात मी लॅब टेक्निशियन झाले. लग्न झालं, मुलगी झाली, फ्लॅट झाला. भाषा बदलली, ती कधी बदलली ते कळलंही नाही. पहिल्या वर्षी होस्टेलवर "मी जेवून राहिली" म्हटलं की मुली विचारायच्या, "जेवून राहिली कुठे?" मग मी "जेवते आहे" म्हणायला शिकले. "काऊन" गेलं, "का हो" आलं. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जितकं रामायण होतं तितकं कोर्टातही होत नसेल. पाहुण्यांची गाडी कुठे, कोणाचं चाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, जिन्यात चपला कोणाच्या. फळ्यावर सूचना लागायच्या, त्यात शिवी एकही नसायची, पण वाचून माणसाला रात्रभर झोप येऊ नये. मीही त्यातलीच एक झाले होते. माझ्या जागेवर कोणी स्कूटर लावली की मीदेखील चिठ्ठी चिकटवायचे. सुरुवात "कृपया"ने करायची आणि शेवट "अन्यथा"ने.

बाबा मिलमधून मोकळे झाल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे निवांत राहायला आले. मे महिना होता. नळाला पाणी नव्हतं, सोसायटीनं टँकर मागवलेला. सकाळी टँकर फाटकात शिरला आणि अडकला, कारण वाटेत चार दुचाक्या उभ्या. वॉचमन बेल वाजवत मजले चढत होता. टँकरवाला हॉर्न देत होता, माझी दुसरी ट्रिप आहे, मी निघतो म्हणत होता. सगळे गॅलरीत उभे राहून एकमेकांना "कुणाची आहे हो ती?" विचारत होते. खाली कोणीच उतरत नव्हतं.

बाबा उतरले. हँडल लॉक असलेली स्कूटर मिस्त्री माणूस कशी हलवतो ते तुम्हाला माहीत आहे. मागचं चाक उचलायचं आणि वळवायचं. त्यांनी तीन गाड्या बाजूला केल्या. चौथी नवी कोरी, मोहिते काकांची. तिच्यावर हात पडला आणि मोहिते काका, आमचे सेक्रेटरी, जिन्यातून धावतच आले.

"अहो, काय चाललंय? कोण तुम्ही?"

"गाडी हटवून राहिलो ना भाऊ."

"राहता? कुठे राहता? कोणाकडे?"

"राहून नाही राहिलो, हटवून राहिलो. पानी आलं हाय, दिसत नाही का? रस्त्यात कायले ठेवता गाडी?"

बाबांचा आवाज मिलमधला, मशिनीच्या वर चढवायची सवय असलेला. त्यांच्या लेखी ते साधं बोलत होते. मोहिते काकांना ते भांडण वाटलं. दोन-चार जण जमले. कोणीतरी म्हणालं, दुसऱ्याच्या वाहनाला हात लावायची ही कुठली पद्धत? मी धावत खाली गेले, आणि ते वाक्य बोलले.

"सॉरी काका. बाबा खेड्यातले आहेत, त्यांना इथलं काही कळत नाही. पुन्हा असं होणार नाही."

फार गोड आवाजात बोलले मी. काका लगेच निवळले. ते वाईट नव्हतेच. त्यांची आधीची स्कूटर याच पार्किंगमधून चोरीला गेली होती, तेव्हापासून ते गाडीच्या बाबतीत हळवे झाले होते. संध्याकाळी त्यांनी आंब्यांची पिशवीसुद्धा पाठवली. टँकर आत आला, टाकी भरली, सगळ्यांनी आंघोळी केल्या. बाबांनी मात्र एक बादली घेऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि म्हणाले, "तिकीट पाह्य वं बाई माझं. घराकडे काम निघालं."

मी थांबा म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडं हायसंच वाटलं होतं.

त्यानंतर बाबा पुण्याला आले नाहीत. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात मी फोन करायचे. "पाहू ना", एवढंच. मुलगी विचारायची, आजोबा का येत नाहीत? आजोबांना प्रवास झेपत नाही, असं मी सांगायचे. ते सत्तरीत सायकलवर गोंदियाचा बाजार करून येत होते.

मग चार वर्षांनी दिलीपचा, माझ्या भावाचा फोन आला. मुर्रीतही दिवस बदलले होते. रस्ता सिमेंटचा झाला, शेतांचे प्लॉट पडले, आणि आमच्या घरासमोर लग्नाचं लॉन उघडलं. लग्नसराईत वऱ्हाडी आमच्या आंगणात गाड्या लावत. अनोळखी पोरं, हँडल लॉक करून जाणारी. तुळशीपाशी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. एकदा दिलीपच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं आणि आपलीच गाडी आपल्याच आंगणातून निघेना, पाऊण तास. दिलीपला वॉल कंपाऊंड बांधायचं होतं, लोखंडी गेटसकट. बाबा ऐकत नव्हते. बापलेकाचं बोलणं बंद झालं होतं. "तुझं ऐकतात ते," दिलीप म्हणाला, "तू येऊन समजव."

मी गेले. जेवणं झाल्यावर दुपारी ओसरीत बसलो, आई, दिलीप, बाबा आणि मी. मी तयारी करूनच आले होते. आता पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत, प्रत्येकाला आपली हद्द हवी, सुरक्षितता हवी, कंपाऊंड म्हणजे काही माणुसकी सोडणं नव्हे, असं सगळं मी शांतपणे मांडलं. दिलीप मान हलवत होता. चुकीचं काही बोलत नव्हते मी, आजही मला ते पटतं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "ते असू दे. एक सांग मले. तुह्या सोसायटीत मी काय चुकलो होतो?"

त्यांना ते विचारायला चार वर्षं लागली होती. आवाज मिलमधला नव्हता. आई पदराशी चाळा करत खाली बघत राहिली, तेव्हा कळलं की यावर या घरात पुष्कळदा बोलणं झालेलं आहे. माझ्याजवळ उत्तरं होती. गैरसमज झाला, तिकडची पद्धत वेगळी, मी वेळ मारून नेली. ती सगळी मी बाजूला ठेवली.

"तुमी नाही चुकले बाबा," मी म्हटलं. "मी चुकली."

चुकले नाही, चुकली. आमच्याकडे बायका असंच म्हणतात, मी गेली, मी आली, आणि पुण्यात हे मी सगळ्यात आधी सोडलं होतं, कारण त्यालाच सगळ्यात जास्त हसायचे. ते इतक्या वर्षांनी आपोआप आलं आणि मग मला रडू आवरेना.

बाबांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग इतके सालं काऊन लागले वं माय?"

मी डोळे पुसत राहिले. ते दिलीपकडे वळून बोलले, "बांध तुहं वॉल कंपाऊंड. गेटले कुलूप नाही लावाचं." दिलीपनं कंबरेएवढी भिंत बांधली. कुलूप त्यानं आणून ठेवलंय, लावलेलं नाही. कोणी पेशंट घेऊन आलं तर अजूनही आत गाडी ठेवतं, विचारून.

त्या हिवाळ्यात बाबा पुण्याला आले. मीच स्टेशनवर आणायला गेले. सोसायटीत शिरलो तर मोहिते काका समोरच, त्यांनी नमस्कार केला, "या, या, कसा झाला प्रवास?" बाबांनीही छान हसून नमस्कार केला. मग आम्ही पार्किंगमधून लिफ्टकडे निघालो. दुचाक्या नेहमीसारख्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, एक तर वाटेतच आडवी. बाबा थांबले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले, आणि अंग तिरकं करून, कशालाही धक्का लागणार नाही असे, हळूच पलीकडे गेले.

मी म्हटलं, "बाबा, हटवा ना. मी आहे."

"असू दे," ते म्हणाले. "इथं असंच बरं."

रागावून नाही, मला सांभाळून घेत म्हणाले. चार दिवस ते मजेत राहिले, नातीला सायकल दुरुस्त करायला शिकवली, पण खाली उतरले की हात पाठीमागे. पुण्याचा माझा फ्लॅट मला आवडतो, मी तिथेच म्हातारी होणार आहे. पण तुझं घर कुठलं असं कोणी विचारलं की मी मुर्री सांगते. तिथं माझ्या बापाचे हात मोकळे असतात.