लिलीचं घर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – घरी तर नाहीच. आमच्याकडे आधी मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालायच्या, मग जेवणाची पानं मांडायची. समता हा शब्द मी अक्षरं कळायच्या आधीपासून ऐकतेय. पण ते असो.

कानडी मुलखात, मारतहळ्ळीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरतो. नोकरीसाठी पुण्या-नागपूरहून आलेल्यांची मुलं. त्यांनी माझी कुमार कादंबरी वाचली होती. मी बोलणार होते ते गोष्टींमध्ये माणसांना वंशावरून, चेहऱ्यावरून कसं साच्यात बसवतात, यावर. तावातावाने बोलले. इतरांच्या पुस्तकांतली पात्रं एकेक करून सोलून काढली. स्वतःच्या पुस्तकाकडे कोण बघतं?

रिनीने हात वर केला. आई नागपूरची, वडील मिझोरामचे. माझ्या कादंबरीतली लिलीही तिकडचीच – कमी बोलणारी, गिटार वाजवणारी, कराटे येणारी. मला वाटलं, ही आभार मानणार. खरंच वाटलं.

“ताई, पुस्तकातली मुलं सगळ्यांच्या घरी जेवायला जातात ना. लिलीच्या घरी कोणीच नाही जात. तिला आई आहे का?”

“कराटे येतं ना, बस की,” मागून एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. रिनी हसली नाही.

मग मी म्हणाले – तिच्या घरचं प्रकरण लिहिलं होतं, संपादकांनी कापलं.

खोटं. उलट संपादकबाईच मागे लागल्या होत्या, लिलीच्या घरचं लिहा म्हणून. कथेचा वेग जाईल, असं सांगून मी उडवून लावलं. वेग कसला? त्या घरात काय शिजतं, आईला काय हाक मारतात, मला ठाऊक नव्हतं. आणि विचारायला जायचा कंटाळा केला. एवढंच.

मुलं संपादकांवर चिडली. मला बरं वाटलं – हो, बरं वाटलं. रिनीने मात्र ते प्रकरण वाचायला मागितलं. पाठवते, म्हणाले. तिच्या आईने आठवण करून दिली तेव्हा, शोधतेय म्हणाले. पुन्हा करून दिली, तेव्हा उत्तरच दिलं नाही.

परवा रिनीच्या आई भेटल्या. तक्रार नव्हती. सहज सांगत होत्या – वर्गात कुणी लिलीला हसलं की रिनी भांडते. म्हणते, लिलीला घर आहे, आई आहे, ताईंनी सगळं लिहिलंय, फक्त छापलं नाही.

मी मान डोलावली.