गजूसाठी रेषेत सोडलेली जागा

हे मी तात्यांना सांगितलं नाही. बायकोला नाही. आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या गजूला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, ते तुम्ही फार जवळचे आहात म्हणून नाही — तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही म्हणून. एवढा भित्रेपणा माझ्यात अजून शिल्लक आहे. तो पहिल्याच परिच्छेदात कबूल केलेला बरा.

आमचं गाव धाड या बाजारगावाच्या अलीकडे. मी गावातलं वाचनालय सांभाळतो. माणसं मला सरळ समजतात. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सरळच समजतात, हा एक सोयीचा गैरसमज आहे आणि मी तो आयुष्यभर वापरला.

तात्या म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते. या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या तेरवीपासून मी हे लिहायला बसतो आहे, आणि रोज दोन ओळी खोडतो आहे.

आधी रेषेचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं.

आमच्या गावाचा कबड्डीचा संघ होता — आहे म्हणा, नावाला आहे. घरच्या मैदानावर सामना असला की मैदान आखायचा मान तात्यांचा. घमेल्यात पांढरी फक्की घेऊन ते वाकून चालायचे, चिमटीतून फक्की सोडत. दोरी लागायची नाही त्यांना. पण मधली रेष ते पुरी करत नसत. बरोबर मध्यावर वीतभर जागा मोकळी ठेवायचे. मग गजू यायचा. तात्यांच्या पाया पडायचा, त्या मोकळ्या जागेतून उजवा पाय पलीकडे टाकायचा आणि परत यायचा. त्यानंतरच तात्या ती जागा फक्कीनं भरायचे, आणि मगच शिट्टी वाजायची. बाहेरगावचे पंच वैतागायचे. एकदा एकानं विचारलं, "काका, हे कोणत्या नियमात आहे?" तात्या म्हणाले, "आमच्या. तुमची शिट्टी धरा जराशी."

गजू आमचा चढाईचा खेळाडू. सहा जणांच्या मिठीतून तो कसा निसटायचा, ते मला सांगता येणार नाही. तात्यांना यायचं. रात्रीच्या जेवणात भाकरीचा तुकडा ताटाभोवती फिरवत ते प्रत्येक चढाई परत खेळायचे. आई हसायची. मी ऐकायचो.

गजू माझ्याच वर्गातला. दहावीला तो नापास झाला, मी केंद्रात पहिला आलो. निकालाच्या दिवशी तात्या "बरं झालं" म्हणाले आणि लगेच विचारलं, "गजूचा खांदा कसा आहे बे? सुजला व्हता काल." एम.ए. झालो तेव्हाही तसंच. वाचनालयात लागलो तेव्हा तात्या जिल्हा स्पर्धेला गेलेले होते, जीपच्या टपावर बसून.

आता तुम्ही म्हणाल — मत्सर. हो, मत्सरच. पण मत्सरानं माणूस आंधळा होतो वगैरे म्हणू नका. मला स्वच्छ दिसत होतं. मी जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं.

जिल्ह्यात लीग सुरू झाली. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडू या संघातून त्या संघात जातात, तसं इथेही व्हावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. हंगामाआधी संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची. आमच्या मंडळाची समिती तिघांची. अध्यक्ष दिनकरभाऊ, त्यांचं बियाण्याचं दुकान. प्रशिक्षक म्हणून शाळेतले शेषराव सर. आणि लिहिण्यावाचण्यापुरता मी.

बैठक वाचनालयातच झाली, दुपारी, वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती. खामगावकडच्या एका संघाला गजू हवा होता. बदल्यात ते दोन तरणे, उंच पकडवाले देणार होते. दिनकरभाऊ हरखून गेले होते. "एकाच्या जागी दोन, आन् दोघंबी कोवळे! गजू आता तिशीच्या पार गेला, सर." शेषराव सर मान हलवत राहिले. म्हणाले, "भाऊ, गजू गेला त मैदानावर येईन कोण? कुत्रं येईन?"

एक विरुद्ध एक. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

दिनकरभाऊ म्हणाले, "मधू, तू सांग बे. तू त्याच्या वर्गातला."

मी म्हणालो, "गुडघा गेला आहे त्याचा. लपवतो."

सर चमकले. "मले नाही सांगितलं त्यानं."

"मला सांगितलं."

गजूनं मला काहीही सांगितलं नव्हतं. त्याचा गुडघा ठणठणीत होता. त्याच सकाळी तो मैदानाला फेऱ्या मारताना मी पाहिला होता. ते वाक्य मी ठरवून आलो नव्हतो, पण जिभेवर आलं तेव्हा थांबवलंही नाही. बोलून झाल्यावर कसं वाटलं ते सांगू? छान वाटलं. खोली गार झाल्यासारखी वाटली. हे लपवून बाकीचं सांगितलं तर ती कबुली कसली?

गजू दुसऱ्या दिवशी वाचनालयात आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल. कपाटांकडे बघत उभा राहिला. "तू व्हता ना मिटिंगमधी? कोण म्हणलं मले काढा?" मी म्हणालो, दोघांचं आधीच ठरलं होतं, माझं कोण ऐकतं. त्याला ते पटलं. माझं कोण ऐकतं, हे गावात कुणालाही पटलं असतं.

आणि मग तात्या.

सकाळी अंगणात दात घासत होते. गजू बॅग घेऊन खामगावच्या गाडीत बसला, हे त्यांना बसस्टँडवर कळलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "काऊन गेला रे तो?"

खेळाबद्दल तात्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर अगदी सोपं होतं — तो गेला नाही, आम्ही दिला. पण कुणी दिला, हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "त्याचा तोच गेला, तात्या. तिकडं पैसे जास्त देतात."

त्यांनी चूळ भरली. मग म्हणाले, "मले सांगून तं जायाचं."

बस. एवढंच. पण ते चौकात गेले आणि त्यांनी ते तिथे सांगितलं. तात्यांनी जन्मात कुणाचं तिकीट चुकवलं नव्हतं की कुणाची कागाळी केली नव्हती. मी सांगितलं असतं तर लोकांनी दहा जणांना विचारलं असतं. तात्यांनी सांगितलं म्हणजे झालं. गजूनं नंतर फोनवरून किती जणांना सांगून पाहिलं, की मला पाठवलं, मी गेलो नाही. कोण ऐकणार? दिनकरभाऊंना ते सोयीचंच होतं. ते गप्प राहिले. मी तर गप्प राहण्यासाठीच प्रसिद्ध.

त्या हंगामात गजूचा नवा संघ आमच्याकडे खेळायला आला. मैदान गच्च भरलं होतं. शेवटचं तेवढं गच्च. तात्या घमेलं घेऊन वाकले. बाजूच्या रेषा झाल्या. मग मधली. ते मध्यावर आले — मी श्वास धरून बघत होतो — आणि थांबलेच नाहीत. फक्की सोडत सरळ पलीकडे गेले. रेष अखंड.

गजू परक्या रंगाची बनियन घालून मैदानात आला. सवयीनं मध्याकडे चालला. रेषेजवळ येऊन खाली बघत राहिला. मग त्यानं मान वर करून तात्यांना शोधलं. तात्या हात झटकत होते. पांढरे हात. त्यांनी घमेलं उपडं घातलं आणि घराकडे निघाले. मागून पोरं ओरडली, "ए बिकाऊ! कितीत गेला बे?"

त्या दिवशी गजू जसा खेळला तसा कधीच खेळला नसेल. एकदा तर तो आमच्या त्या नव्या उंच पोराच्या डोक्यावरून उडी मारून परतला. गुडघा गेलेला माणूस! शेषराव सरांनी तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. महिन्याभरात त्यांनी मंडळ सोडलं, पुढे बदली घेऊन गेले.

संघाचं काय झालं? आलेल्या दोघांतला एक पोलीस भरतीत गेला, दुसऱ्याचा खांदा निखळला. पण हरल्यामुळे लोक तुटले, हे खरं नाही. आम्ही पूर्वीही हरायचो. हरून परत येताना जीपमध्ये जास्तच गाणी व्हायची. लोक तुटले ते वेगळ्याच गोष्टीनं. गजू जाऊ शकतो, तर मग इथे आपलं काय आहे? असा प्रश्न एकदा मनात आला की माणूस सामना बघत नाही, नुसता उभा राहतो. आणि उभं राहायचं तर चहाच्या टपरीवर राहिलेलं काय वाईट? आज आमच्या मैदानावर हळद वाळते. पोरं मोबाइलवर दूरच्या शहरांचे संघ बघतात आणि दर हंगामाला आवडता संघ बदलतात. त्यांना कशाला बोल लावू?

गाव मात्र अजून म्हणतं, गजूनं दगा दिला. माझं गावाला सांगणं आहे — तुम्हीही कमी नाही. दहा-बारा वर्षं ज्याला खांद्यावर घेऊन नाचलात, त्याच्याबद्दलचं एक वाक्य तुम्ही एका सकाळीत गिळलंत. एकानंही खामगावला जाऊन विचारलं नाही. हे म्हणून मी माझं ओझं हलकं करतो आहे का? नाही. माझं माझ्याकडे पूर्ण आहे. तुमचं तुम्ही बघा.

तात्या पुन्हा मैदानावर गेले नाहीत. जेवताना बोलणंही बंद झालं. मला वाटलं होतं, गजू गेला की त्या ताटाभोवतीची जागा मला मिळेल. तुम्ही हसाल, पण वाटलं होतं. ती जागा कुणालाच मिळाली नाही. ताट राहिलं, भाकरी राहिली, तात्या भिंतीकडे बघत जेवायचे. शेवटच्या आजारात मी रोज उशाशी होतो. रोज बोलता आलं असतं. ते कान टवकारून पडलेले असायचे, जणू कुणी काही सांगेल. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. खेळाचं पान सोडून.

तेरवीला गजू आला. आता खामगावकडेच जीप चालवतो. केस पिकलेत. मांडवात लोक सरकून बसले, त्याच्यासाठी नाही, त्याच्यापासून. तो जेवला नाही. जाताना दारात मला म्हणाला, "मधू, बाकीच्याइचं जाऊ दे. तात्यानं मले पैशावाला समजलं बे. त्याइनं बी. तेवढं नाही जात मनातून."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मांडवात अख्खं गाव होतं. मी काय बोललो?

मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

गुडघ्याबद्दलच्या खोट्यापेक्षा, अंगणातल्या खोट्यापेक्षा, मला स्वतःची जास्त चीड येते ती या तीन शब्दांमुळे.

आज रविवार. मंडळातल्या नव्या पोरांनी तात्यांच्या नावानं एक सामना ठेवला आहे, हळदीचं वाळवण बाजूला सारून. मैदान आखायचा मान मुलाचा, म्हणून सकाळी घमेलं माझ्या हातात दिलं. माझ्या रेषा वाकड्या आल्या. मधली रेष आखताना मध्यावर मी वीतभर जागा सोडली. हे शेवटचं लिहितो आहे तर नखांत फक्की आहे. मघाशी खिडकीतून एक जण ओरडून गेला, "ओ भाऊ, मधात रेष राह्यली ना तुमची!"

राहिली नाही. सोडली आहे.

सामना सुरू करायला ते मला विचारायला येतील, आणि मी माईक मागणार आहे. त्याआधी गजूला फोन करणार आहे, म्हणजे त्याला हे माझ्याच तोंडून कळेल. तो शिव्या देईल, किंवा फोन ठेवेल. ये असं मी म्हणणार नाही. माफ कर असंही नाही. मग हे कागद घेऊन मी मैदानावर जाईन आणि पहिल्या ओळीपासून वाचीन, समोर बसलेल्या माणसांना. ती जागा फक्कीनं भरायची की नाही, हे मी ठरवणार नाही. मी घमेलं रेषेजवळ ठेवून आलो आहे.