निखिलची बाजू

निखिलचा फोन आला तेव्हा मी तो कापला. मंगळवारची दुपार होती, वर्तकनगरला घरीच जेवायला बसलो होतो. त्याचं नाव दिसताच डोकं फिरलं. चार महिने आमच्यात शब्द नव्हता. म्हटलं, सुहासने आता मेव्हण्याला पुढे केलेलं दिसतंय. फोन पुन्हा वाजला, तोही कापला. मग मेसेज आला... 'सुहासभावोजी गेले. सकाळी. हार्ट अटॅक.' ताटावरून तसाच उठलो.

सुहास माझा कॉलेजपासूनचा मित्र. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचा, आणि ती खोड त्याच्या अंगातच मुरली होती. त्याला येताना बघून भाजीवाली भेंडीची टोपली झाकायची. आम्हा आठ जणांची फॅन्टसी फुटबॉल लीग त्यानेच सुरू केली. परदेशातले खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपला कागदावरचा संघ करायचा. त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यात गोल केला किंवा गोलसाठी पास दिला, की आपल्याला गुण. ॲपवर हे सगळं आयतं मिळतं. पण सुहासला ते पटायचं नाही. "ॲप कारण कुठे सांगतं?" म्हणायचा. म्हणून नियम आमचे, आणि पंच तो. स्वतःचा संघ त्याने कधीच केला नाही.

भांडणं तर व्हायचीच. चाळिशी उलटलेली माणसं, घरात दहावीची पोरं, आणि आम्ही एका पाससाठी हमरीतुमरीवर यायचो. मग रविवारी सकाळी कोपरला सुहासच्या घरी हजर व्हायचं. तिथला कायदा विचित्र होता. आपली बाजू मांडायचीच नाही. समोरच्याची मांडायची, आणि तीही अशी की ऐकून त्याने मान डोलवली पाहिजे. दोघांचं झालं की सुहास खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून तो प्रसंग टीव्हीवर पुन्हा बघायचा आणि कारणासकट निकाल द्यायचा. निम्मी भांडणं त्याआधीच मिटलेली असायची.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि निखिल जवळजवळ बरोबरीत होतो. माझ्या खेळाडूचा पास गोल होण्याआधी विरुद्ध संघातल्या एकाच्या पायाला लागला. त्यामुळे चेंडूची दिशा बदलली असेल तर आमच्या नियमाने पासचा गुण नाही, आणि गुण नाही तर लीग निखिलची. निखिल म्हणे बदलली, मी म्हणे नाही. त्या रविवारी निखिलने माझी बाजू इतकी चोख मांडली की मीच ऐकत राहिलो. मग सुहास म्हणाला, "अजय, आता तू. निखिलची मांड."

इतक्या वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो. हातातोंडाशी आलेला घास जाईल अशी भीती वाटली, आणि जीभ सुटली. "कशाला मांडू? मेव्हणा आहे ना तुझा. निकाल ठरलेलाच असणार!"

सुहासची बायको, वैशालीवहिनी, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. सुहास चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "काही ठरलेलं नाही रे," तो म्हणाला. "एक बाजू ऐकायची राहिलीय." मी चपला घातल्या आणि निघालो.

त्याने निकाल दिलाच नाही. दर रविवारी मात्र मेसेज यायचा, 'निखिलची बाजू बाकी आहे. ये.' मी वाचायचो आणि फोन उपडा ठेवायचो. माघार घ्यायची लाज वाटत होती. आणि खोटं कशाला बोलू, तो आपली वाट बघतोय याचं आतून सुखही होतं. शेवटचा मेसेज तो जायच्या दोन दिवस आधीचा. त्यातही तेवढंच लिहिलेलं...

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी वहिनींनी आम्हाला सगळ्यांना घरी बोलावलं. लीगचं पुढे काय, हे विचारायला असेल असं वाटलं. मी बसतो न बसतो तोच त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या मनात ते राहून गेलं. आधी तुम्ही मांडा."

समोर निखिल मान खाली घालून बसला होता. मी चेंडूपासून सुरुवात केली. कुठे लागला, किती वळला. बोलताना जाणवलं, वळला होता खरा. पण निखिलची बाजू तेवढ्यावर संपत नव्हती. "आणि पंच माझा भावोजी," मी निखिल होऊन म्हणालो. "जिंकलो तर लोक म्हणणार, घरचा माणूस म्हणून जिंकवलं. हरलो तर म्हणणार, लोकांच्या तोंडाला भिऊन हरवलं. हे सगळं मी ऐकून घेतलं, कारण भावोजींना आपल्या मित्राबद्दल एक शब्द वाकडा खपत..." वाक्य तिथेच सोडलं. "चुकलो रे मी," एवढंच म्हणालो. ते निखिलला म्हणालो की सुहासला, मलाच माहीत नाही.

निखिलने मान डोलवली.

"लीग तुझी," मी डोळे पुसत म्हणालो.

"नाय दादा, तुझी. मी ते कितीदा बघितलंय. बॉल वळलाच नाय."

"अरे, वळला!"

"नाय वळला! तुला दिसत नाय काय?"

आवाज चढले. बाकीचे मध्ये पडले, तेही दोन्हीकडून भांडायला लागले. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने, सगळेच एकदम गप्प होऊन निकालासाठी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळलो.