मामांचा खाणीचा नकाशा

माझ्या बायकोच्या मामांइतका दिशेचा पक्का माणूस शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत तरी दुसरा झाला नाही. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर ते मुरबाडच्या कचेरीबाहेरच्या ओसरीवर बसून दगडखाणीच्या अर्जांना लागणारे नकाशे काढून देत. मी आत कारकून. पंगतीत वाढणाऱ्याला ते "चटणी जरा पूर्वेला सरकव" असं गंभीरपणे सांगत. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मागून त्यांचा आवाज आला, "पाट तिरका आहे. नवरदेव पश्चिमेला नाही, नैर्ऋत्येला बघतोय." भटजींनी मंगलाष्टक थांबवून पाट सरळ केला.

खाणीचा परवाना हवा तर नकाशावर हद्दीच्या खुणांबरोबर जवळपासची घरं, विहिरी, ओढे, पायवाटा दाखवाव्या लागत. बाकीचे लोक गावनकाशावरून ते उतरवून घेत. मामा मात्र मोजणीची साखळी घेऊन स्वतः डोंगर चढत. शेणव्याच्या एका अर्जदाराचा नकाशा त्यांनी तीन आठवडे अडवला, कारण एक ओढा पावसाळ्यातच वाहतो की बारमाही, हे दोन शेतकऱ्यांनी दोन तऱ्हांनी सांगितलं होतं.

असेच एका हिवाळ्यात ते वैशाखऱ्याजवळच्या एका टेकडीवर गेले. पायथ्याशी कातकऱ्यांच्या पाच झोपड्या होत्या, पण दारं काट्या लावून बंद. माणसं वीटभट्ट्यांवर जगायला गेलेली. खाणीचा ठेकेदार म्हणाला, "मामा, ही नका दाखवू. रिकामी तर आहेत. सुरुंगापासून घरं लांब हवीत म्हणून साहेब हद्द बदलायला लावतील."

मामा एका झोपडीपाशी वाकले, कुडाच्या फटीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "चूल सारवून ठेवलीय. परत येणार आहेत."

"गावनकाशात तरी कुठं आहेत ती?"

"म्हणून तर मी आलोय."

पाचही घरं तांबड्या शाईत उतरली. ठेकेदाराने नकाशा दुसऱ्याकडून करून घेण्याची धमकी दिली. मामांनी त्याच्या हातात कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "घ्या. पण साहेब जागेवर आले तर मी त्यांच्याबरोबर येणार." ठेकेदार दोन दिवस फिरकला नाही, मग मुकाट्याने तोच नकाशा घेऊन गेला. खाणीला परवानगी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला मिळाली.

उन्हाळ्याच्या शेवटी त्या वाडीतली एक म्हातारी, आपलं घर कागदावर काढलंय असं ऐकून, विचारत विचारत ओसरीपर्यंत आली. मामांनी तिच्यापुढे नकाशाची प्रत उलगडली.

"यात माजा घर कोणचा?"

मामांनी बोट ठेवलं. तिने त्या ठिपक्याभोवती आपलं बोट फिरवलं. मग म्हणाली, "दारातून मोठा डोंगर दिसतो, तो नाय काडला?"

"तो हद्दीच्या फार बाहेर आहे, बाई. नियमात बसत नाही."

"बरा," असं म्हणून ती उठायला लागली, तेव्हा मामांनी शिसपेन्सिल घेतली. कागदाच्या कोऱ्या कडेला, न मोजता, नुसता डोळ्यांसमोर आणून त्यांनी एक डोंगर काढला. "असा?"

"थोडा उजवीकडं झुकल्याला."

त्यांनी तो झुकवला.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. ती प्रत माझ्याकडे आहे. तांबडी शाई अजून ठसठशीत आहे. डोंगर मात्र आता कागद उजेडाकडे तिरका धरला तरच दिसतो.